परसातील दोरी : ऊन, वारा आणि दक्षता

घरामागील परसात किंवा दारापुढील चिमुकल्या बागेत आडवी बांधलेली दोरी आणि तिच्यावर वाळणारे धुणे हे महाराष्ट्रात खेड्यापाड्यांतून व नगरांतूनही नित्य दिसणारे दृश्य आहे. ते इतके परिचयाचे आहे की, त्यामागे काही शास्त्र असेल आणि त्यात काही धोकाही असू शकेल, याचा विचार सहसा कोणी करीत नाही. कपडे कोणत्या साबणाने धुवावेत याची चर्चा घरोघर होते. ते कोठे आणि कशावर वाळत घालावेत, हा प्रश्न मात्र हाताशी जे असेल त्यावर सोपविला जातो. मग कोठे खिडकीच्या गजापासून विजेच्या खांबापर्यंत तार ताणली जाते, तर कोठे पत्र्याच्या छपरालाच तिचे टोक अडकविले जाते. पावसाळ्यात अशा तारेला विजेचा धक्का बसून मृत्यू झाल्याची वृत्ते वरचेवर वाचावयास मिळतात. कपडे वाळविण्याच्या या साध्या कामाकडे म्हणूनच थोडे बारकाईने पाहणे अगत्याचे आहे.

पाणी कोठे जाते?

हाताने घट्ट पिळल्यानंतरही सुती कपड्यात साधारणपणे त्याच्या कोरड्या वजनाइतके पाणी शिल्लक राहू शकते. म्हणजे चार किलो कपड्यांत सुमारे चार लिटर पाणी असते. या पाण्याची वाफ व्हावयास उष्णता लागते. एका लिटरमागे ती सुमारे ५८० किलोकॅलरी, म्हणजेच विजेच्या हिशेबाने एका युनिटचा दोन-तृतीयांश भाग इतकी भरते. चार लिटरसाठी हा हिशेब पावणेतीन युनिटांच्या घरात जातो. एवढी ऊर्जा ऊन आणि वारा आपल्याला दररोज विनामूल्य देत असतात.

मात्र केवळ उष्णता पुरेशी नाही. निघालेली वाफ सामावून घेण्यास हवेत जागा हवी. एक घनमीटर हवा २० अंश सेल्सिअसला सुमारे १७ ग्रॅम, ३० अंशांना ३० ग्रॅम, तर ४० अंशांना ५१ ग्रॅम बाष्प धारण करू शकते. विदर्भ-मराठवाड्यातील वैशाखाची हवा तापलेली आणि कोरडी असल्यामुळे तेथे धोतर तासाभरात खडखडीत वाळते. कोकणात आषाढ-श्रावणात हवा आधीच बाष्पाने जवळजवळ भरलेली असते. त्यामुळे तेच धोतर दोन दिवस ओलसर राहते. कपड्याला लागून बाष्पाने भरलेल्या हवेचा एक पातळ थर साचतो. तो दूर सारण्याचे काम वारा करतो. म्हणूनच ढगाळ पण वाऱ्याच्या दिवशी कपडे पुष्कळदा चांगले वाळतात आणि ऊन असूनही कोंदट बोळात ते दमट राहतात.

लहान जागेची आखणी

तीन मीटर लांब व दोन मीटर रुंद एवढी मोकळी जागाही मध्यम कुटुंबास पुरते. दोन्ही टोकांना लाकडाचे किंवा बांबूचे खांब रोवून, त्यांवर आडव्या दांड्या बांधून एकमेकींपासून सुमारे ३० सेंटिमीटर अंतरावर चार दोऱ्या ताणल्यास १२ मीटर लांबीची दोरी उपलब्ध होते. साडेपाच मीटरची साडी दुमडून एका दोरीवर मावते. नऊवारी लुगड्याची तिहेरी घडी घालावी आणि मध्ये एकदा ती उलटावी. चादरीसारखे जाड कापड शेजारच्या दोन दोऱ्यांवर पसरून टाकल्यास आतून वारा खेळतो आणि ते लवकर वाळते. दोऱ्या भिंतीपासून निदान हातभर दूर असाव्यात. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कलतो, म्हणून त्या दिवसांत घराच्या दक्षिणेकडील जागा अधिक लाभदायक ठरते.

चिमटे नसतील तर दोन पदरांची पीळ दिलेली दोरी वापरावी. पिळामध्ये कपड्याचे टोक खोचले की ते वाऱ्याने उडत नाही. धोबीघाटावर ही युक्ती पूर्वापार वापरात आहे. दोरीखालच्या जागेत अळू किंवा कर्दळ लावल्यास निथळणारे पाणीही वाया जात नाही.

कापड तसे ऊन

पांढऱ्या सुती कपड्यांना कडक ऊन मानवते. रंगीत कपडे उलटे करून वाळवावेत, कारण उन्हाने रंग उडतात. रेशमी वस्त्रे सावलीत, वाऱ्यावर वाळवावीत. लोकरीचे कपडे टांगल्यास पाण्याच्या भाराने लांबतात. ते सावलीत पसरून ठेवावेत. संध्याकाळी दव पडण्यापूर्वी सर्व कपडे काढून, झटकून मगच घड्या घालाव्यात.

आरोग्याची बाजू

दमट कपड्यावर बुरशी सहज वाढते. ओलसर अंतर्वस्त्रे वापरल्याने नायट्यासारखे त्वचारोग बळावतात. सूर्यप्रकाशातील अतिनील किरणांमुळे सूक्ष्म जंतूंची संख्या घटते आणि कापड पूर्ण कोरडे झाल्यावर बुरशीला वाढण्यास वाव राहत नाही. या दृष्टीने मासिक पाळीच्या वेळी वापरावयाची कापडे विशेष लक्ष देण्यासारखी आहेत. संकोचापोटी ती न्हाणीघराच्या कोपऱ्यात किंवा दुसऱ्या कपड्याखाली दडवून वाळविली जातात, आणि ज्या कापडाला उन्हाची सर्वाधिक गरज तेच उन्हापासून वंचित राहते. घरातील वडीलधाऱ्यांनी, पुरुषांनीसुद्धा, हा संकोच दूर करण्यास साहाय्य केले पाहिजे. या कापडांसाठी उन्हातील एक दोरी राखून ठेवणे हा आरोग्यरक्षणाचा अगदी सोपा उपाय आहे.

पावसाळ्यात घरात कपडे वाळवावे लागले तर ते निजावयाच्या खोलीत न घालता खिडक्या उघडता येतील अशा जागी विरळ पसरावेत. किंचित दमट राहिलेल्या कपड्यावरून गरम इस्त्री फिरवावी.

तार नव्हे, दोरी

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. लोखंडी तार टिकाऊ असते, सैल पडत नाही, म्हणून पुष्कळांना ती सोयीची वाटते. परंतु लोखंड विजेचे उत्तम वाहक आहे. खांबावरून घरात येणाऱ्या वीजवाहिनीचे आवरण ऊन-पावसाने जीर्ण होते. ते पत्र्यावर किंवा तारेवर घासले की आतील वीज त्यांत उतरते. बाहेरून काहीच दिसत नाही. ठिणगी नाही, आवाज नाही. ओल्या जमिनीवर उभे राहून, ओल्या हातांनी ओला कपडा तारेवर टाकणाऱ्या व्यक्तीच्या शरीरातून मात्र या विजेला जमिनीत जाण्याचा मार्ग मिळतो.

घरगुती विजेचा दाब २३० व्होल्ट असतो. ओल्या शरीराचा रोध सुमारे १,००० ओहम धरला तर शरीरातून २३० मिलिअँपियर प्रवाह वाहू शकतो. दहा-पंधरा मिलिअँपियरला हाताचे स्नायू आखडून पकड सुटत नाही. पन्नासच्या पुढे हृदयाचे स्पंदन विस्कळीत होण्याचा धोका असतो. घरातील फ्यूज आपले रक्षण करील, हा समज चुकीचा आहे. पाच अँपियरचा फ्यूज म्हणजे ५,००० मिलिअँपियर. मनुष्याचा प्राण घेणारा प्रवाह त्याच्या दृष्टीने नगण्य असतो. ३० मिलिअँपियरच्या गळतीला वीज तोडणारे गळतीरोधक स्विच बसवून घेणे हाच त्यावरील योग्य उपाय होय.

म्हणून पुढील पथ्ये कटाक्षाने पाळावीत. कपड्यांसाठी नायलॉनची दोरी वापरावी. प्लॅस्टिकचे वेष्टन असलेली तारही टाळावी, कारण वेष्टन उन्हाने तडकते. दोरी विजेच्या खांबाला, त्याला ताण देणाऱ्या तारेला, पत्र्याला किंवा लोखंडी नळाला बांधू नये. वीजवाहिनीखाली किंवा तिच्या जवळ कपडे वाळत घालू नयेत. काठीने कपडे टाकताना तर अधिकच जपावे. शेताच्या तारेच्या कुंपणावर कपडे पसरू नयेत. पत्र्याला किंवा नळाला हात लावताच झिणझिण्या आल्या, तर मुख्य स्विच बंद करून जाणकार तंत्रज्ञाकडून तपासणी करून घ्यावी. बाहेरील वाहिनी जीर्ण दिसल्यास वीज तक्रारींच्या १९१२ या क्रमांकावर कळवावे.

अपघात घडलाच तर

अशा अपघातांत एकाला वाचविण्यासाठी धावलेला दुसराही बळी पडतो, हे त्यांतील सर्वांत मोठे दुर्दैव आहे. आपले माणूस तारेला चिकटलेले पाहून हात पुढे होणे स्वाभाविक आहे; पण तोच क्षण घातक असतो. प्रथम मुख्य स्विच बंद करावा. ते शक्य नसेल तर कोरड्या जागेवर उभे राहून कोरड्या लाकडी काठीने तार बाजूला सारावी. त्यानंतरच अपघातग्रस्तास स्पर्श करावा. श्वास थांबला असल्यास छातीच्या मध्यभागी दर मिनिटास १०० ते १२० या गतीने जोराने दाब देत राहावे आणि १०८ क्रमांकावरून रुग्णवाहिका बोलवावी. ही माहिती घरातील शाळकरी मुलांनाही असली पाहिजे; मुख्य स्विच कोठे आहे हे तर प्रत्येकाला ठाऊक हवेच.

ऊन आणि वारा यांचा लाभ घेण्यास पैसा लागत नाही, थोडे भान लागते. हा लेख वाचून झाल्यावर वाचकांनी एकवार परसात जावे आणि आपले कपडे कशावर वाळत आहेत ते पाहावे. ती तार असेल तर पहिला पाऊस येण्याची वाट पाहू नये. मुख्य स्विच बंद करून ती आजच उतरवावी आणि तेथे दोरी बांधावी. अल्प खर्चाच्या या बदलामुळे घरातील एखाद्या माउलीचे प्राण वाचू शकतात.