प्रेक्षक असूनही मालिका बंद का होते?

‘ब्लू ब्लड्स’ संपली तेव्हाही तिला भरपूर प्रेक्षक होते, असं वाचलं. मग सीबीएसनं ती का गुंडाळली? – एक वाचक, नाशिक

तुम्ही वाचलंत ते खरं आहे. २०१० ते २०२४, चौदा सीझन, २९३ भाग, आणि शेवटपर्यंत हक्काचा प्रेक्षक. पण अमेरिकी नेटवर्कची कमाई जाहिरातींवर चालते आणि जाहिरातींचे दर वर्षानुवर्षं १८ ते ४९ या वयोगटावर बेतले गेले. जुन्या मालिकेचा प्रेक्षक तिच्याबरोबर म्हातारा होतो, कलाकारांचं मानधन मात्र दर करारागणिक चढतं. चौदाव्या सीझनसाठी कलाकारांनी मानधनात २५ टक्के कपात मान्य केल्याच्या बातम्या होत्या. त्यानं एक सीझन मिळाला, पुढचा नाही.

त्याहून महत्त्वाचा प्रश्न म्हणजे मालिका कुणाच्या मालकीची? याकडे प्रेक्षकांचं सहसा लक्षच जात नाही. नेटवर्क स्टुडिओला प्रक्षेपणाचे पैसे देतं, पण त्यातून निर्मितीचा सगळा खर्च निघत नाही. तूट स्टुडिओ सोसतो, कारण पुनर्प्रक्षेपण, परदेशी विक्री आणि स्ट्रीमिंगचं उत्पन्न पुढे त्याच्याच खिशात जाणार असतं. शंभरेक भाग झाले की रोजच्या पुनर्प्रक्षेपणासाठी मालिका विकता येते, हा जुना हिशेब. म्हणून आपल्याच समूहाच्या स्टुडिओची मालिका बेताची चालली तरी नेटवर्क कळ काढतं; परक्या स्टुडिओच्या मालिकेला ती सवलत क्वचितच मिळते. ‘ल्युसिफर’ वॉर्नर ब्रदर्सची होती. फॉक्सनं २०१८ मध्ये ती सोडली आणि नेटफ्लिक्सवर तिचे आणखी तीन सीझन झाले. ‘नाइन-वन-वन’ तर चांगली चालत असताना फॉक्सवरून एबीसीवर गेली. तिचा स्टुडिओ डिस्नेकडे आला होता, आणि एबीसीही डिस्नेचंच.

शुक्रवारी टाकलेली मालिका मरतेच का? – एक वाचक, सांगली

नाही. १९६८ मध्ये ‘स्टार ट्रेक’ शुक्रवारी रात्री दहाला ढकलली गेली आणि वर्षभरात संपली, तेव्हापासून ही समजूत घट्ट झाली. पण वरची ‘ब्लू ब्लड्स’ त्याच वारी, त्याच वेळेला चौदा सीझन चालली. शुक्रवारी नेटवर्कच्या अपेक्षाच कमी असतात, एवढंच.

आमची आवडती मालिका धोक्यात आहे. सह्यांची मोहीम उपयोगी पडेल का? – एक वाचक, एडिसन, न्यू जर्सी

नुसत्या सह्यांनी फारसं काही होत नाही. २००७ मध्ये ‘जेरिको’ बंद झाली. शरण या म्हणणाऱ्याला नायकानं शेवटच्या भागात ‘नट्स’ असं उत्तर दिलं होतं, म्हणून चाहत्यांनी सीबीएसकडे सुमारे वीस टन शेंगदाणे पाठवले. सीबीएसनं सात भाग दिले. प्रेक्षकसंख्या वाढली नाही आणि २००८ मध्ये मालिका पुन्हा बंद झाली.

‘चक’चे चाहते मला जास्त शहाणे वाटतात. २००९ मध्ये सीझनच्या शेवटच्या भागाच्या दिवशी ते सबवेच्या दुकानांत गेले, सँडविच घेतली आणि आपण ‘चक’साठी आलो आहोत हे कळवलं. सबवे त्या मालिकेत जाहिरात करत होतं. सबवेशी मोठा जाहिरात-करार होऊन एनबीसीनं मालिका पुढे चालवली आणि तिनं पाच सीझन पूर्ण केले.

तेव्हा आधी त्या मालिकेचे जाहिरातदार कोण ते पाहा आणि त्यांनाच लिहा. भाग लागल्यापासून तीन दिवसांत, जाहिरातींसकट पाहा. जाहिरातींचे बरेच करार त्याच मोजमापावर होत आले आहेत. आणि उशीर करू नका. मेच्या मध्याला न्यूयॉर्कमध्ये नेटवर्क्स जाहिरातदारांपुढे नवं वेळापत्रक मांडतात, त्याआधी बहुतेक निर्णय झालेले असतात. मार्च-एप्रिलमध्येच सुरुवात करा.