पाच वाजताचं थालीपीठ

कोलंबस, ओहायो
१२ ऑक्टोबर

चि. बायो हिस अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू म्हणालीस, "मावशी, यंदा मी मुलांना हॅलोविनला पाठवणारच नाही. गेल्या वर्षीची ती पिशवी आठवली की पोटात गोळा येतो." तेव्हा तुझा कुकर शिट्ट्या मारत होता, धाकटा रडत होता, म्हणून मी नुसतं 'हं' म्हटलं. पण ते मनातून जाईना. आज दुपारी हातातलं काम बाजूला ठेवून लिहायला बसले आहे.

या देशात येऊन मला तीस वर्षं होऊन गेली. तुझा मावसभाऊ सहा वर्षांचा होता, तेव्हा मीही अशीच धास्तावले होते. त्या रात्री तो उशीचा अभ्रा भरून गोळ्या-चॉकलेटं घेऊन आला. तो झोपल्यावर मी सगळं कचऱ्याच्या डब्यात ओतलं. सकाळी त्यानं विचारलं, मी म्हटलं, "संपलं." त्यानं हट्ट केला नाही, रडलाही नाही. मार्चमध्ये थंडी सरल्यावर त्याचा जाड कोट धुवायला काढला, तर आतल्या खिशात चॉकलेटचे कागद निघाले. घडी घालून, दाबून दाबून भरलेले. बसमध्ये शेजारच्या मित्राकडून मागून खात होता. चॉकलेट खाल्ल्याचं मला काही वाटलं नाही. माझ्यापासून लपवून खायला तो शिकला, आणि ते माझ्यामुळे शिकला, हे मात्र मला अजून सलतं.

पुढे कितीतरी वर्षांनी पेनसिल्व्हेनियातल्या संशोधकांचं एक काम माझ्या वाचनात आलं. जेनिफर फिशर आणि लीॲन बर्च या दोघींनी ते १९९९ साली प्रसिद्ध केलं होतं. लहान मुलांसमोर एक खाऊ दिसेल असा ठेवला, पण तो हवा तेव्हा घ्यायला बंदी केली. मुलं त्याच खाऊबद्दल बोलत राहिली, तोच मागत राहिली. वाचताना मला तो कोटाचा खिसा दिसत होता.

म्हणून तुला सांगते, त्या पिशवीवर पहारा बसवू नकोस. तुझं खरं काम पिशवी घरात यायच्या आधी, संध्याकाळी पाच वाजता आहे.

गेल्या वर्षी काय झालं ते आठव. मुलं शाळेतून आली ती नाचतच. सोंगाचे कपडे, तोंडाला रंग, त्यातच धाकट्याचा मुखवटा हरवला. या धांदलीत कोणीच जेवलं नाही. 'आल्यावर बघू' असं तू म्हणालीस. सहाच्या सुमारास अंधारलं आणि दुपारपासून उपाशी असलेली पोरं दारोदार फिरायला लागली. हातात गोड, पोटात भूक. चौथ्या घरापर्यंत थोरलीनं पाच-सहा चॉकलेटं खाल्ली असतील, तर त्यात तिचा काय दोष? त्या भुकेला मोठं माणूसही तेच करील. मग घरी आल्यावर जेवण नको, पोट दुखतं, रडारड. तू म्हणालीस, हे साखरेनं झालं. मी म्हणते, न झालेल्या जेवणानं झालं.

इथे कोलंबसला या रात्रीला 'बेगर्स नाइट' म्हणतात. वेळही ठरलेली असते, सहा ते आठ. त्यामुळे माझ्या घरी त्या दिवशी पाचला पानं मांडायची हा नियमच होऊन गेला. पानात थालीपीठ.

थालीपीठच का, ते सांगते. थालीपिठाला आपण भोकं पाडतोच, तेल खालपर्यंत पोचावं म्हणून. त्या रात्री तीच भोकं डोळे होतात. भाजणीत तांबड्या भोपळ्याचा कीस घाल, कांदा बारीक चिरून, कोथिंबीर, ओवा, तिखट अगदी बेताचं. कीस पडला की पीठ केशरी दिसायला लागतं. ओल्या फडक्यावर थापून तव्यावर उलटायच्या आधी थोरलीला हाक मार आणि तिच्या बोटानं दोन डोळे, एक नाक आणि वाकडं हसू पाडून घे. ती बोट दाबून, जिभेचं टोक बाहेर काढून तोंड पाडत असते, तेव्हाच तिचं अर्धं जेवण झालेलं असतं, कारण आपण केलेला चेहरा कोणी टाकत नाही. मग झाकण, बाजूनं तेलाची धार, तो चर्र आवाज आणि भाजणीचा वास. उलटल्यावर तो चेहरा खरपूस होऊन वर बघतो. डोळ्यांत लोण्याचे दोन गोळे ठेव, ते वितळून गालांवर ओघळतात. माझा मुलगा त्याला 'रडणारं भूत' म्हणायचा आणि दोन भुतं खाऊन मगच बाहेर पडायचा.

भाजणीत ज्वारी, बाजरी, तांदूळ, गहू, हरभऱ्याची डाळ, उडीद, धणे, सगळं भाजून दळलेलं. वर लोणी, बाजूला दही. एवढं पोटात गेलं की दोन-तीन तास पोराला भुकेचं भान राहत नाही. सोबत पेल्यात टोमॅटोचं सार दे, कोमट. लाल दिसतं म्हणून मुलं ते भुताचं रक्त म्हणून पितात. तिकडे न्यू जर्सीतही ऑक्टोबर अखेरीला गारठा असतो, घशालाही बरं.

तुला वाटेल, हॅलोविनला थालीपीठ म्हणजे ओढूनताणून आपलं काहीतरी घुसडणं. तसं नाही गं. हा सण मुळात आयर्लंड-स्कॉटलंडकडचा, सुगी संपून हिवाळा लागतानाचा. त्या रात्री आयरिश घरांत कोलकॅनन करत, म्हणजे उकडलेला बटाटा कोबीबरोबर किंवा केलच्या पाल्याबरोबर घोटून वर लोणी. आणि बार्मब्रॅक नावाचा मनुका घातलेला पाव, त्यात अंगठी लपवलेली. ज्याच्या तुकड्यात अंगठी येईल त्याचं लग्न लवकर! तिकडे सलगम कोरून दिवा करायचे. एकोणिसाव्या शतकात दुष्काळानं पिचलेले आयरिश लोक अमेरिकेत आले तेव्हा त्यांना इथे भोपळा सापडला, मोठा आणि कोरायला सोपा. दारोदार फिरून विकतची चॉकलेटं गोळा करणं तर सगळ्यांत नवं. दुसऱ्या महायुद्धात इथे साखरेचं रेशनिंग होतं, ते १९४७ साली उठलं, आणि त्यानंतर ही चाल देशभर बोकाळली. म्हणजे ज्यांचा सण त्यांच्या घरीही त्या रात्री आधी पोटभर गरम जेवणच होतं.

आता पिशवी घरी आली की काय करायचं? जमिनीवर चादर पसर आणि सगळं ओतू दे. मुलांना त्यातच खरी मजा असते. चॉकलेटं एकीकडे, चिकट गोळ्या एकीकडे, न आवडणाऱ्या तिसरीकडे. मोजू दे, अदलाबदल करू दे. त्या रात्री थोरलीला हवं तेवढं खाऊ दे. दचकू नकोस. पोटात थालीपीठ असलेलं पोर चार-पाच खाऊन आपणच थांबतं, हे मी तीनदा-चारदा पाहिलं आहे. एलिन सॅटर नावाच्या इथल्या आहारतज्ज्ञ आहेत. मुलांच्या खाण्याविषयी त्यांची एक साधी वाटणी आहे. काय, कधी आणि कुठे वाढायचं ते आईबापांनी ठरवायचं. किती खायचं आणि खायचं की नाही ते मुलानं. हॅलोविनच्या खाऊलाही त्या हेच लावतात. पहिले एक-दोन दिवस मोकळीक, मग तो खाऊ जेवणाच्या किंवा मधल्या खाण्याच्या वेळी, बरोबरीनं. मुलाला ती शिस्त सांभाळता आली तर पिशवी त्याच्याकडे, नाही तर आईकडे.

तुझी थोरली सात वर्षांची आहे, तिला हे जमेल. धाकटा तीनच वर्षांचा आहे, त्याची पिशवी तूच फडताळात वर ठेव. आणि त्याच्या पिशवीतल्या कडक गोळ्या, शेंगदाणे-बदाम असलेलं काहीही, पॉपकॉर्न हे आधीच काढून घे. चार वर्षांखालच्या मुलांच्या घशात हे अडकतं. द्राक्षं दिलीस तर उभी चार भाग करून दे. या एका बाबतीत अजिबात सैल सोडू नकोस.

साखरेचा हिशेबही सांगते, कारण तू विचारलंस. अमेरिकन हार्ट असोसिएशनचं म्हणणं, दोन वर्षांवरच्या मुलांना वरून घातलेली साखर दिवसाला २५ ग्रॅमच्या आत असावी, म्हणजे साधारण सहा चहाचे चमचे. या रात्री वाटतात ती छोटी चॉकलेटं. त्या एकेकात आठ-दहा ग्रॅम साखर सहज असते. तीन खाल्ली की दिवसाचा वाटा संपला. मग त्या रात्रीचं काय? त्या एका रात्रीचं काही नाही. मला काळजी त्या रात्रीची नाही, उरलेल्या ३६४ दिवसांची आहे. तुझ्या फ्रिजमध्ये मी गेल्या वेळी फळाच्या चवीचं दही पाहिलं, डब्यात सकाळचे रंगीत गोड सीरियल, शाळेच्या डब्यात ज्यूसची पेटी. ती साखर रोज जाते आणि तिच्यावर कोणी पहारा ठेवत नाही. साधं दही आणून त्यात केळं कुस्करून घाल, एवढ्यानं पिशवीतल्या कितीतरी चॉकलेटांची जागा होईल.

आणि आपल्या गोडालाही यातून सूट नाही हो. २०२४ साली तर दिवाळी आणि हॅलोविन एकाच दिवशी आले, ३१ ऑक्टोबरला. तेव्हा आमच्या मंडळातल्या कितीतरी जणी मुलांच्या हातातलं चॉकलेट काढून बेसनाचा लाडू देत होत्या, जणू लाडू म्हणजे औषधच. बेसनात डाळ आहे, तूप आहे, ते खरं. पण पिठीसाखर ती पिठीसाखरच. गुळाचंही तेच. मुलांना आपण खोटं सांगू नये, त्यांना ते कळतं.

दातांसाठी एवढंच बघ की दिवसभर चघळणं नको. चिकट टॉफी दाताला धरून बसते, चॉकलेट विरघळून जातं. म्हणून जे काय खायचं ते जेवणाला जोडून, आणि झोपताना ब्रश.

आणखी एक. गेल्या वर्षी धाकटा त्या रात्री दहापर्यंत उड्या मारत होता, तेव्हा तू त्याच्यासमोरच म्हणालीस, "बघ, साखर चढली." साखरेनं मुलं उधळतात, हे इथे सगळेच म्हणतात. पण १९९५ साली वोलराइच आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या विषयावरचे चांगले प्रयोग एकत्र तपासले आणि साखरेनं मुलांच्या वागण्यात फरक पडल्याचं त्यांना दिसलं नाही. अंधारात बाहेर फिरणं, आवडत्या सोंगात, मित्रांबरोबर, दर दारात लाड. कोणतं मूल शांत राहील? त्याच्या आनंदाला रोगाचं नाव देऊ नकोस.

तुझ्या दाराशी येणाऱ्या मुलांना बदाम-खजूर वाटायचा बेत मात्र सोडून दे. बदामाची ॲलर्जी इथे पुष्कळ मुलांना असते, ती जिवावर बेतते. घरचे लाडूही नकोत. ओळख नसलेल्या घरचं उघडं खाणं इथले पालक टाकून देतात आणि ते बरोबरच आहे. त्यापेक्षा बुडबुड्यांच्या छोट्या बाटल्या, खडू, अंधारात चमकणाऱ्या कांड्या ठेव. दारात मोरपंखी निळसर-हिरव्या रंगाचा भोपळा ठेवलास, तर ॲलर्जीवाल्या मुलांच्या आईबापांना कळतं की इथे खाण्याखेरीज दुसरं काही मिळेल. ही खूण २०१४ पासून देशभर रुळली आहे. सोबत थोडी चॉकलेटंही ठेव. दुसऱ्याच्या मुलांना शहाणपण वाटायची ती रात्र नव्हे.

थोरलीच्या मैत्रिणींना बोलवायचं म्हणत होतीस ना? मग खिरापत कर. तुझ्या आईनं आणि मी चिपळूणच्या अंगणात हत्तीभोवती फेर धरून भोंडला खेळला. मला आता सगळ्यात जास्त आठवतं ते डबा हलवून खिरापत ओळखणं. गोड की तिखट, कोरडी की ओली, वाजते की नाही. ओळखेपर्यंत झाकण उघडायचं नाही. मोड आलेल्या मटकीची उसळ, वाटली डाळ, चुरमुऱ्यांचा चिवडा, असलं साधंच असायचं. पण ओळखल्यावर त्याला जी चव यायची, ती पक्वान्नालाही येत नसे. तुझ्याकडच्या मुली सोंगं घेऊन बसतील, दिवे मंद कर, झाकलेले चार डबे फिरव. आयांना आधी ॲलर्जी तेवढी विचारून ठेव.

भोपळा कोरताना मुलांना आपल्या म्हातारीची गोष्ट सांग. रानातून लेकीकडे निघालेली वाळकी म्हातारी, वाटेतला वाघ, आणि चार दिवस पोटभर जेवून गुबगुबीत झालेली ती भोपळ्यात बसून परत निघते, ती. तुला लहानपणी किती वेळा सांगितली असेल! नीट बघितलंस तर ती सारी गोष्ट लेकीच्या घरी चांगलं जेवण मिळण्याचीच आहे. बिया टाकू नकोस. धुऊन, कोरड्या करून, थोडं तेल-मीठ लावून ओव्हनमध्ये कुरकुरीत भाज. थोरलीला डब्यात दे, धाकट्याला नको.

घारगे करणार असशील तर दारात ठेवायला आणतात तो कोरायचा भोपळा घेऊ नकोस. त्याला पाणी फार, धागे फार, गोडी नाही. दुकानात लहान, गोल 'पाय पम्पकिन' मिळतो, तो घे. किसून वाफव, गूळ घाल, निवल्यावर त्यात मावेल तेवढी कणीक, मूठभर तांदळाचं पीठ, चिमूट मीठ. पाणी अजिबात घालू नकोस, भोपळ्याचं सुटतं तेवढं पुरतं.

भाजणी मी काल दळून आणली. दोन किलोची पिशवी आज पोस्टानं पाठवली आहे, पुढच्या आठवड्यात मिळेल. मिळाल्यावर एकदा आधीच करून बघ, त्या दिवशी पहिल्यांदा नको. आणि पहिल्या थालीपिठाचे डोळे धाकट्याला पाडू दे, थोरलीला सांग की दुसरं तिचं. दोघांचे फोटो पाठव.

जावईबापूंना नमस्कार, मुलांना गोड पापा.

तुझी,
मावशी