लाल दोरी किती लांब हवी?

'शेल्टर्ड हाउसिंग' म्हणजे वृद्धाश्रम नव्हे. ब्रिटनमधल्या या इमारतींत बहुतेक म्हातारी माणसं आपापल्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहतात. किल्ली त्यांची, स्वयंपाक त्यांचा, पाहुणेही त्यांचे. आधाराला अधूनमधून विचारपूस करणारा मॅनेजर आणि खोलीत लोंबणारी लाल दोरी. ती ओढली की कॉल सेंटरमधला माणूस बोलू लागतो.

आता आपला प्रश्न. दोरी किती लांब? पडलेल्या माणसाला उठता येत नाही, म्हणून ती जमिनीजवळ पोचलीच पाहिजे. झाडताना अडते म्हणून कुणी वर गाठ मारली, की सिस्टीम चालू असूनही निकामी!

दुसरा मुद्दा विजेचा. तांब्याच्या जुन्या फोनलाइनला करंट एक्स्चेंजमधून मिळतो, त्यामुळे घरची वीज गेली तरी साधा फोन चालतो. या लाइन जानेवारी २०२७ पर्यंत बंद करायचं तिथे ठरलं आहे. डिजिटल लाइनचा राउटर मात्र वीज गेली की गप्प. म्हणजे बॅटरी बॅकअप हवा, आणि नव्या लाइनवर प्रत्येक अलार्म ओढून बघायला हवा.

मला वाटतं, असं डिझाइन टेबलाशी बसून नाही, फरशीवर आडवं पडून तपासावं. एखाद्या आजीचं स्वतंत्र राहणं त्या दोरीला टांगलेलं असतं.