चूक लवकर दिसावी म्हणून

आपल्या समाजातील बरीच मुले-मुली आज सॉफ्टवेअरच्या धंद्यात आहेत. घरून काम करीत असता सकाळच्या ठराविक वेळी ती संगणकापुढे बसून सहकाऱ्यांशी पंधरा मिनिटे बोलतात, ‘आमचा स्प्रिंट संपत आला’ असे म्हणतात, आणि घरातील वडील माणसांस हा काय प्रकार आहे याचा उलगडा होत नाही. या कार्यपद्धतीस ‘अ‍ॅजाइल’ म्हणतात. शब्दाचा अर्थ चपळ. त्यामुळे ही घाईने काम उरकण्याची युक्ती असावी असा समज होतो. तो बरोबर नव्हे. ही पद्धत कशासाठी निघाली, ती कशी चालते व कोठे फसते, हे प्रस्तुत लेखात थोडक्यात पाहावयाचे आहे.

१. जुनी पद्धत व तिच्यातील धोका

घर बांधताना आधी नकाशा, मग पाया, मग भिंती व शेवटी छप्पर असा क्रम असतो. सॉफ्टवेअरही पुष्कळ वर्षे याच क्रमाने तयार होत असे. प्रथम गिऱ्हाइकाच्या सर्व मागण्या लिहून घ्यावयाच्या, मग आराखडा, मग प्रोग्राम, मग तपासणी, आणि अखेरीस तयार वस्तू गिऱ्हाइकाच्या हाती. धबधब्याचे पाणी खाली पडते ते पुन्हा वर चढत नाही, यावरून या क्रमास ‘वॉटरफॉल’ हे नाव पडले. विन्स्टन रॉइस या अमेरिकन तज्ज्ञाने १९७० साली एका निबंधात या क्रमाची आकृती काढून दाखविली; परंतु तपासणी अगदी शेवटी ठेवण्यात मोठा धोका आहे, असेही त्याच निबंधात बजावले. लोकांनी आकृती उचलली. इशारा मागे राहिला.

हा धोका कोणता? घराची भिंत वाकडी चालली तर रस्त्याने जाणाऱ्यासही दिसते. प्रोग्रामची भिंत कोणास दिसत नाही. शिवाय आपल्याला नेमके काय हवे आहे, हे गिऱ्हाइकास वस्तू वापरून पाहिल्यावाचून पुरते कळत नाही. मागणी समजून घेण्यात पहिल्या महिन्यात झालेली चूक दोन वर्षांनी उघडकीस आली, तर तिच्यावर रचलेले सारे काम मोडावे लागते.

शाळेतील उदाहरण घ्या. एक शिक्षक निबंधाच्या वह्या वर्षाअखेर एकदाच तपासतो, दुसरा दर आठवड्यास तपासतो. चुका दोघांच्याही विद्यार्थ्यांच्या होतात. पण दुसऱ्याच्या विद्यार्थ्यास त्या सुधारावयास उरलेले वर्ष हाती असते. अ‍ॅजाइलचे सारे सार या एका फरकात आहे.

२. नवी पद्धत कशी आली

हिरोताका ताकेउची व इकुजिरो नोनाका या दोन जपानी अभ्यासकांनी १९८६ साली होंडा, कॅनन आदी कारखान्यांत नव्या वस्तू कशा तयार होतात याविषयी एक लेख लिहिला. रग्बीच्या खेळात सारा संघ मिळून चेंडू पुढे नेतो, तशी या कारखान्यांतील पथके मिळून काम करतात, असे त्यांनी दाखविले. रग्बीतील ‘स्क्रम’ हा शब्द पुढे जेफ सदरलँड व केन श्वेबर यांनी सॉफ्टवेअरच्या कार्यपद्धतीस दिला व १९९५ साली ती एका परिषदेत मांडली. पुढे फेब्रुवारी २००१ मध्ये अमेरिकेतील युटा राज्यातील स्नोबर्ड या ठिकाणी १७ जाणकार एकत्र आले व त्यांनी एक छोटा जाहीरनामा काढला. ठरावीक प्रक्रियेपेक्षा माणसे व त्यांचा संवाद, जाड दस्तऐवजांपेक्षा चालणारा प्रोग्राम, कराराच्या घासाघिशीपेक्षा गिऱ्हाइकाचे सहकार्य, आणि आखलेल्या योजनेपेक्षा बदलास तोंड देण्याची तयारी यांना अधिक मोल द्यावे, असा त्याचा आशय. दस्तऐवज, करार वा योजना टाकून द्या, असे त्यात म्हटलेले नाही, हे ध्यानात ठेवावे.

३. प्रत्यक्ष काम कसे चालते

समजा, एखाद्या संस्थेस शिष्यवृत्तीच्या अर्जांचे काम संगणकावर आणावयाचे आहे. अर्ज भरणे, दाखले जोडणे, छाननी, मंजुरी, रक्कम पोहोचल्याची नोंद, वार्षिक अहवाल अशा अनेक मागण्या निघतील. त्यांची एक यादी करतात. तिला ‘बॅकलॉग’ म्हणतात. यादीतील कोणते काम अधिक उपयोगाचे, हे संस्थेच्या बाजूने एकच व्यक्ती ठरविते. तिला ‘प्रॉडक्ट ओनर’ म्हणतात. मग दोन आठवड्यांची मुदत धरतात. हाच ‘स्प्रिंट’, स्क्रमच्या नियमाप्रमाणे तो एका महिन्याहून मोठा नसावा.

पहिल्या स्प्रिंटमध्ये फक्त अर्ज भरण्याची सोय करावी. पण ती पुरी चालणारी असावी. रोज पंधरा मिनिटे पथकाने एकत्र येऊन काल काय झाले, आज काय करावयाचे व काय अडले आहे, हे बोलावे. मुदत संपताच ती सोय अर्ज तपासणाऱ्या कारकुनास व एखाद्या विद्यार्थ्यास वापरावयास द्यावी. ‘वडील हयात नाहीत, त्यांच्या सहीच्या जागी काय भरू?’ असा प्रश्न विद्यार्थ्याने विचारला, की मोठी उणीव चौदा दिवसांत सापडली. ती पुढील यादीत वर येते. शेवटी पथक आपल्याच कामाच्या रीतीचा आढावा घेते व पुढचा स्प्रिंट सुरू होतो.

४. एक बोलके उदाहरण

अमेरिकेच्या एफ.बी.आय. या तपासखात्यास आपली कागदी प्रकरणे संगणकावर आणावयाची होती. २००१ च्या सुमारास सुरू झालेला ‘व्हर्च्युअल केस फाइल’ हा पहिला प्रयत्न सुमारे १७ कोटी डॉलर खर्च होऊन २००५ साली सोडून द्यावा लागला. २००६ साली ‘सेंटिनेल’ या नावाने दुसरा प्रयत्न सुरू झाला. एका मोठ्या कंपनीस काम दिले. चार टप्पे ठरले. २००९ अखेर ते पुरे व्हावयाचे होते. परंतु ऑगस्ट २०१० पर्यंत ४५.१ कोटी डॉलरच्या अंदाजपत्रकापैकी सुमारे ४०.५ कोटी संपले होते आणि चारांपैकी दोनच टप्प्यांचे काम हाती आले होते.

तेव्हा खात्याने उरलेले काम स्वतःकडे घेतले, पथक लहान केले व दोन-दोन आठवड्यांच्या स्प्रिंटने काम चालविले. प्रत्येक स्प्रिंटच्या शेवटी चालता भाग दाखवावा लागे. तरीही सर्व काही सुरळीत झाले असे नव्हे. ऑक्टोबर २०११ मध्ये पुष्कळ कर्मचाऱ्यांनी एकाच वेळी वापरून पाहिले, तेव्हा यंत्रणा बंद पडली. जुनी यंत्रसामग्री अपुरी पडते असे दिसून आले, ती वाढवावी लागली आणि ठरलेली मुदत टळली. पण हा दोष सारे खाते तिच्यावर विसंबण्यापूर्वीच सापडला. अखेर १ जुलै २०१२ रोजी सेंटिनेल सर्व कर्मचाऱ्यांसाठी सुरू झाले. नव्या पद्धतीने चुका टळल्या नाहीत. त्या वेळेवर दिसल्या.

५. पद्धत कोठे फसते

येथे एक शंका संभवते. सर्वत्र हीच पद्धत वापरावी काय? नाही. मागण्या पक्क्या ठाऊक आहेत व बदलावयाच्या नाहीत, तेथे जुना क्रमही चालतो. विमान किंवा रुग्णालयातील यंत्र चालविणाऱ्या सॉफ्टवेअरला कडक तपासणी व लेखी पुरावा लागतोच. तेथे अ‍ॅजाइलच्या नावाखाली कागद टाळणे धोक्याचे.

दुसरा प्रकार अधिक सर्रास आढळतो. नावे नवी घेतली जातात आणि वृत्ती जुनीच राहते. सकाळची पंधरा मिनिटे वरिष्ठापुढील हजेरी बनते. कामाचा अंदाज म्हणून सांगितलेला आकडा वचन मानून माणसास त्यात अडकविले जाते. एक स्प्रिंट संपतो न संपतो तोच दुसऱ्याचा तगादा लागतो, आणि वर्षभर परीक्षाच चालली आहे असे तरुणांस वाटू लागते. ‘हे काम मला अडले आहे’ असे बोलणाऱ्याचा जेथे अपमान होतो, तेथे कोणीही अडचण बोलून दाखवीत नाही. मग चूक पुन्हा शेवटीच उघडी पडते. दर आठवड्यास वह्या तपासणारा शिक्षक दर चुकीस छडी मारू लागला, तर मुले वहीच दडवतील.

म्हणून घरातील वडीलधाऱ्यांनी आपल्या मुलांस ‘किती काम उरकलेस?’ एवढेच न विचारता ‘तुमच्याकडे अडलेले सांगता येते ना?’ हेही विचारावे. ज्यांच्या हाताखाली चार माणसे आहेत, त्यांनी आपल्या पथकात सत्य सांगणे सोपे करावे. थोडे करावे, ते वापरणाऱ्यास दाखवावे, त्याचे ऐकून सुधारावे, आणि मगच पुढे जावे, हा या पद्धतीचा गाभा होय. यादी, मुदत व बैठका ही त्याची साधने आहेत. ज्याला आपली चूक निर्भयपणे दाखविता येते, त्याच्याच हाती ती चालतात.