थंडी मोजणारे कंद

जुना जालना हा कुंडलिका नदीच्या काठी वसलेला, दाट वस्तीचा भाग. येथील गल्ल्या अरुंद असून घरे एकमेकांना खेटून उभी आहेत. अंगण सर्वांच्याच वाट्याला येते असे नाही. परंतु खिडकीची कड किंवा भिंतीतील कोनाडा बहुतेक घरांत असतो. तेवढ्याशा जागेतही फुले फुलविता येतात. मात्र त्यासाठी कंद निवडणे सोयीचे.

कंद म्हणजे काय, हे पाहण्यासाठी स्वयंपाकघरातील कांदा उभा चिरावा. तळाशी एक चपटी, टणक चकती दिसेल. ते त्याचे खोड होय. मुळे तिच्याच खालून फुटतात. वरचे रसाळ पापुद्रे म्हणजे अन्न साठवून जाड झालेले पानांचे बुंधे, आणि त्यांच्या मधोमध कोंब असतो. शिदोरी उशाशी घेऊन निजलेला प्रवासीच जणू! म्हणून तर टोपलीत पडल्यापडल्या कांद्याला मोड येतात.

युरोपातील लोक ट्यूलिप, हायसिंथ, नर्गिस यांचे कंद सुंदर पात्रांत लावून घरात फुलवितात. हायसिंथसाठी तर बारीक गळ्याचे खास काचपात्र असते. कंद त्याच्या तोंडावर बसतो, पाणी त्याच्या बुडाच्या किंचित खाली राहते आणि पांढरी मुळे पाण्यात उतरतात. ही मुळे पाहण्यातही मोठी मौज असते.

ट्यूलिप मूळचा मध्य आशियातील डोंगराळ मुलखाचा. तेथे शरद ऋतूतील एखाद्या उबदार दिवसाला भुलून त्याने फूल वर काढले, तर पुढच्या हिमात ते जळून जाईल. म्हणून तो थंडी मोजतो. १२ ते १४ आठवडे ९ अंश सेल्सिअसहून कमी तापमानात काढल्यावाचून त्याचा दांडा नीट लांबत नाही. तेथील माळी कुंड्या थंड, अंधाऱ्या तळघरात ठेवतात व मुदत भरली की उबदार खोलीत आणतात. कंदाला वाटते, वसंत आला!

जालन्यात पौषातील एखादी रात्र १० अंशांच्या आसपास उतरते खरी, पण दुपारी पुन्हा ऊन तापते. एवढ्याने ट्यूलिपचा हिशेब पुरा होत नाही. त्याला पाने येतात आणि फूल आतच खुरटते. कंद शीतकपाटात ठेवून ही उणीव भरून काढता येते. परंतु शेजारी पिकलेली फळे असल्यास त्यांतून निघणाऱ्या वायूने आतील कळी मरते. श्रीनगरला दल सरोवराजवळ २००७ साली खुल्या झालेल्या ट्यूलिप उद्यानात हेच काम तेथील हिवाळा फुकट करतो. मला विचाराल तर, असा उसना हिवाळा आणण्यापेक्षा आपल्या हवेला मानवणारा कंद बरा.

तसा एक कंद मे लिलीचा. हा मूळचा आफ्रिकेतला. तो थंडी मोजत नाही, कोरडे दिवस मोजतो. हिवाळ्यात त्याची पाने सुकली की पाणी तोडावे. उन्हाळा तापू लागला की पुन्हा थोडे थोडे पाणी द्यावे. मग मे महिन्याच्या सुमारास एकाच दांड्यावर चेंडूएवढा लालभडक गोल उमलतो. लोणच्याची जुनी चिनीमातीची बरणीही याला शोभून दिसते. फक्त तिच्या बुडाला भोक नसते. तेव्हा तळाशी खडे व कोळसा घालून पाणी बेताचे द्यावे, नाहीतर कंद कुजतो. हा कंद विषारी आहे. हाताळल्यावर हात धुवावेत, आणि तो कांद्याच्या टोपलीपाशी कधीही ठेवू नये.

आणि थंडी मोजणारा कंद पाहायचाच असेल, तर तो आपल्या घरातच आहे. कांद्यालाही फुलण्यासाठी थंडी लागते, पण ट्यूलिपइतकी कडक नव्हे. आपल्याकडच्या हिवाळी रात्री त्याला पुरतात. त्याच्या फुलाच्या दांड्याला शेतकरी डेंगळा म्हणतात. बाजारासाठी कांदा पिकविणारा डेंगळा दिसताच कपाळाला हात लावतो, कारण असा कांदा साठवणीत टिकत नाही. बियाणे धरणारा मात्र त्याचीच वाट पाहतो. जालना तर बियाण्यांसाठी प्रसिद्ध आहे. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ साली महिको ही बियाण्यांची कंपनी येथेच सुरू केली.

दिवाळीनंतर एक मोठा, निरोगी कांदा मातीच्या कुंडीत अर्धा पुरावा. कुंडी खिडकीबाहेरच्या कडेवर, दिवसा ऊन व रात्री गारवा लागेल अशी ठेवावी. हवा मानवली तर माघ-फाल्गुनाच्या सुमारास पोकळ दांड्याच्या टोकाशी पातळ पडद्यात गुंडाळलेली कळी दिसेल. पडदा फाटला की आतून शेकडो इवल्या पांढऱ्या फुलांचा गोंडा बाहेर येईल. त्या दिवसांत त्याच्यावर औषध फवारू नये; मधमाश्या आल्या, तरच गोंड्यात काळे बी चांगले भरते.