धीर घरातूनच मिळतो

आजचा शास्त्रभाग : यहोशवा १:१-१८

या अध्यायात खंबीर राहा, हिंमत धर असं देव यहोशवाला तीनदा सांगतो (वचनं ६, ७, ९). पण १८वं वचन बघा. तिथे हेच त्याला लोक सांगतात! देवाचा धीर माणसांच्या तोंडूनही येतो.

१९१७ मध्ये रेव्ह. ना. वा. टिळकांनी मिशनचा पगार सोडून साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ सुरू केला. १९१९ मध्ये ते प्रभूकडे गेले. अर्धवट राहिलेलं ‘ख्रिस्तायन’ लक्ष्मीबाईंनी पूर्ण केलं. शाळा न शिकलेल्या या बाईंना लिहिण्यावाचण्याची गोडी टिळकांनीच लावली होती. त्यांनी दिलेलं बळ त्यांच्या मागेही पुरलं.

आपण पुण्यात नोकरीला, आईबाबा सातारा-सांगलीकडे. ले-ऑफची भीती आपण सांगत नाही, बाबा ऑपरेशनची सांगत नाहीत. दोन्हीकडे “सगळं ठीक.” मग धीर कोण कोणाला देणार?

आज फोनवर “जेवलास का?” झालं की खरं काय ते सांगा, विचारा. मग १८वं वचन वाचून एकमेकांचं नाव घेऊन प्रार्थना करा.

प्रार्थना : प्रभू, आम्हाला घरच्यांशी खरं बोलायची हिंमत दे. येशूच्या नावात, आमेन.