या महिन्याचा पाठ : वादळ आलं तर थांबायचं कुठं?



उन्हाळ्यात आपल्या बोदलकसा परिसरातल्या बाया मोहफुलं आणि तेंदूपत्त्यासाठी जंगलात असतात. पावसाळा लागला की रोवणीला बांधीत. म्हणजे आभाळ भरून येतं तेव्हा आपल्यातल्या कितीतरी जणी उघड्यावरच असतात. मग काय होतं? वारा सुटला की जवळचं झाड गाठायचं, नाहीतर टिनाच्या शेडखाली शिरायचं. या दोन्ही जागा आपल्याला आसऱ्याच्या वाटतात, पण आहेत का? आजचा पाठ त्यावरच आहे. बैठकीत एकीनं मोठ्यानं वाचावा, बाकीच्यांनी ऐकावा.

पारसला काय घडलं

आपल्याच विदर्भातली गोष्ट आहे. अकोला जिल्ह्यात बाळापूर तालुक्यात पारस नावाचं गाव आहे. 9 एप्रिल 2023, रविवारची संध्याकाळ. बाबूजी महाराज संस्थानात लोक दर्शनाला, आरतीला जमले होते. अचानक वादळवारा आणि पाऊस सुरू झाला. लोक भिजू नये म्हणून आवारातल्या टिनाच्या शेडखाली गेले. शेजारी एक जुनं, मोठं कडुनिंबाचं झाड होतं. ते उन्मळून शेडवर पडलं. 7 जणांचा जीव गेला, वीसहून जास्त लोक जखमी झाले.

यात लोकांनी वेडेपणा केला असं कोणी म्हणू नये. तुम्ही-आम्ही असतो तर तिथंच उभ्या राहिलो असतो. पावसापासून वाचायला टिन पुरतं. पण वाऱ्यापासून, आणि वाऱ्यानं पडणाऱ्या झाडापासून, ते वाचवत नाही.

वावटळ वेगळी, टोर्नेडो वेगळा

उन्हात पाचोळा गोल फिरवत नेणारी वावटळ आपण पाहतो. ती तापलेल्या जमिनीवरून उठते आणि थोड्या वेळात विरते. टोर्नेडो मात्र वादळी ढगातून खाली जमिनीपर्यंत येतो. मोठ्या टोर्नेडोत वाऱ्याचा वेग ताशी 300 किलोमीटरच्या वर जातो. आपल्याकडे तो क्वचितच होतो. पण तो ज्या जातीच्या ढगातून येतो, तसे गडगडाटी ढग एप्रिल-मे महिन्यात आपल्याकडेही तयार होतात. खाली जमीन तापलेली असते, बंगालच्या उपसागराकडून ओलसर हवा येते, ती वेगानं वर चढते आणि उंच काळा ढग उभा राहतो. मग त्या ढगातून थंड वारा जोरात खाली आदळतो. वीज, गारा आणि झाडं पाडणारा वारा, सगळं एकाच ढगातलं.

जगातला सर्वात जास्त बळी घेणारा टोर्नेडो आपल्या शेजारच्या बांगलादेशात झाला. 26 एप्रिल 1989 ला संध्याकाळी माणिकगंज जिल्ह्यातल्या दौलतपूर आणि साटुरिया भागातून तो गेला. सुमारे 1300 माणसं गेली, हजारो घरं जमीनदोस्त झाली. धान पिकवणारी, आपल्यासारखीच माणसं. कच्ची घरं, वर टिनाचे पत्रे. ते घर वाऱ्यापुढं टिकलं नाही.

साडेतीन तास होते, पण निरोप गेला नाही

आता दूरची एक गोष्ट. 18 मार्च 1925 ला अमेरिकेत मिसूरी, इलिनॉय आणि इंडियाना या तीन राज्यांतून एक टोर्नेडो गेला. वाटेत शेतीची गावं, खाणकामगारांची गावं, शाळा होत्या. 695 माणसं मेली. हे वादळ सुमारे साडेतीन तास चाललं होतं. पहिलं गाव पडलं तेव्हा शेवटच्या गावाकडं बराच वेळ होता. पण पुढच्या गावांना वेळेवर काही कळलं नाही. त्या काळी तिथलं हवामान खातं लोक घाबरतील म्हणून अंदाजात 'टोर्नेडो' हा शब्दच वापरत नव्हतं. ते वादळही नेहमीच्या सोंडेसारखं दिसत नव्हतं. काळं धुकं आल्यासारखं वाटलं, म्हणून पुष्कळांना ते ओळखताच आलं नाही.

आज आपल्या हातात मोबाईल आहे. नागपूरचं प्रादेशिक हवामान केंद्र जिल्ह्यानुसार इशारा देतं : पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयार राहा, लाल म्हणजे लगेच काळजी घ्या. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचं 'दामिनी' ॲप आपल्या जागेपासून 20 ते 40 किलोमीटरच्या आत वीज पडत असेल तर सांगतं. पण जंगलात रेंज नसते आणि प्रत्येकीकडे असा मोबाईलही नसतो. म्हणून निरोपाची साखळी आपल्यालाच बांधावी लागेल.

एवढं पक्कं लक्षात ठेवा

1. वीज चमकली की मोजायला लागा. 30 मोजायच्या आत गडगडाट ऐकू आला, तर वीज धोक्याच्या अंतरात आहे. काम सोडा. शेवटचा गडगडाट झाल्यावर अर्धा तास बाहेर पडू नका.

2. पक्क्या घरात, शाळेत किंवा ग्रामपंचायतीत जा. दारं-खिडक्या बंद करा, खिडकीपासून दूर बसा.

3. एकटं झाड, टिनाची शेड, विजेचा खांब, तारेचं कुंपण यांच्याजवळ थांबू नका. बांधीतल्या पाण्यातून लगेच बाहेर या. विळा, कुऱ्हाड बाजूला ठेवा.

4. पक्की जागा जवळ नसेल तर एकमेकींपासून अंतर ठेवून सखल पण कोरड्या जागी पाय जुळवून उकिडव्या बसा. आडव्या झोपू नका. हा शेवटचा उपाय आहे, यानं पूर्ण सुरक्षा मिळत नाही.

5. वीज पडलेल्या माणसाला हात लावला तर शॉक बसत नाही. श्वास थांबला असेल तर छाती दाबायला सुरुवात करा आणि 108 ला फोन लावा.

6. वाळत घातलेलं मोहफूल, धान, दोरीवरचे कपडे यांच्यासाठी वादळात धावू नका. भिजलेलं नुकसान भरून काढता येईल.

पैशाची बाजूही माहीत असू द्या. वीज पडून मृत्यू झाल्यास वारसाला शासनाकडून 4 लाख रुपयांची मदत मिळते. त्यासाठी तलाठ्याचा पंचनामा आणि शवविच्छेदन अहवाल लागतो, म्हणून घाईत अंत्यविधी उरकू नका. बँकेतली वर्षाला 20 रुपयांची प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना आहे, तिचं अपघाती विमासंरक्षण 2 लाखांचं आहे. गटातल्या किती जणींच्या खात्यातून हे 20 रुपये कापले जातात, ते पासबुकात बघा.

बैठकीत चर्चा करा आणि ठराव लिहा

• तेंदूपत्त्याच्या फळीवर आणि रोवणीच्या वावरात असताना सर्वात जवळची पक्की जागा कोणती? चालत किती मिनिटं लागतात?
• इशारा आला की कोण कोणाला फोन करेल? फोन नसलेल्या बाईच्या घरी कोण जाईल?
• "आभाळ गरजलं की काम थांबवायचं", हे मुकादमाला आणि शेतमालकाला गटातर्फे कोण सांगेल? एकटीनं सांगितलं तर तिची मजुरी जाते. सगळ्याजणी मिळून सांगितलं तर ऐकावं लागतं.
• घराजवळची, अंगणवाडीजवळची वाळलेली, पोकळ झाडं कोणती? ग्रामपंचायतीला अर्ज कधी द्यायचा?

ताईंनो, बचतीची वही आपण दर बैठकीत उघडतो. अडीअडचणीला पैसा आधीच बाजूला ठेवायची सवय आपल्याला गटानं लावली. थांबायची जागा आणि निरोपाची साखळी हीसुद्धा तशीच आधी करून ठेवायची बचत आहे. आभाळ काळं झाल्यावर ती करता येत नाही. या बैठकीतच ठरवा आणि ठराव वहीत सगळ्यांच्या सह्या घ्या.